होमोसिस्टीन वाढलं म्हणून प्रथिनं कमी करू नका

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते वाढलं की 'प्रथिनांतल्या मेथिओनिन या अमिनो आम्लापासून होमोसिस्टीन बनतं, तेव्हा प्रथिनंच कमी करा' असा सल्ला दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. ते बनणं हा शरीराचा रोजचाच व्यवहार आहे. अडतं ते निचऱ्यापाशी. फोलेट आणि बी१२ या जीवनसत्त्वांच्या मदतीने त्याचं पुन्हा मेथिओनिन होतं, नाहीतर बी६ च्या मदतीने सिस्टीन हे दुसरं अमिनो आम्ल. यातलं काही कमी पडलं की ते रक्तात साचतं. (मूत्रपिंड किंवा थायरॉइड मंदावल्यानेही साचतं.) साधारणपणे लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल ठीक मानतात.

अमेरिकी डॉक्टर किल्मर मॅककली यांनी १९६९ मध्ये वाढलेल्या होमोसिस्टीनचा संबंध धमन्यांच्या आजाराशी जोडला. पण २००६ च्या होप-२ आणि नॉरव्हिट या रुग्णांवरच्या चाचण्यांत जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी पातळी उतरली, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. त्यामुळे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब सोडून याच आकड्यामागे धावू नये.

दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांनी बी१२ जरूर तपासावं. आणि कृपा करून मनानेच नुसतं फॉलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) सुरू करू नका: रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.