मदत हवी आहे: पाचवीपर्यंतच असलेली छोटी इंटरनॅशनल शाळा (पुणे)

मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. बाणेर भागातली एक छोटी शाळा मनापासून आवडली आहे. वर्गात मोजकी मुलं, बाई सतरंजीवर बसून एकेकाचं वाचन ऐकत होत्या. पण शाळा पाचवीपर्यंतच आहे आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पीवायपी या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी अजून 'कँडिडेट' आहे, पूर्ण मान्यता नाही (आयबीच्या साइटवर तपासलं). यू-डायस नंबर (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आहे, मराठीही शिकवतात. फी परवडते, बसची गरज नाही. दहावीपर्यंतच्या मोठ्या शाळाही पाहिल्या, पण चाळीस मुलांचे वर्ग नकोच.

सहावीला सीबीएसईत घालायचा विचार आहे. ज्यांनी असा बदल केलाय, त्यांच्या मुलांना गणित आणि हिंदी कितपत जड गेलं? आणि सहावीच्या प्रवेशाला दाखल्याखेरीज कोणते कागद मागितले?