'टंचाई डोक्यात असते' म्हणे! मग बँकेत काय असतं?

जमाखर्च
परवाचा तो लेख वाचलात ना? धंदा पैशाअभावी अडत नाही, मालकाच्या डोक्यातल्या टंचाईमुळे अडतो. 'भरपूर आहे' असं धरून निर्णय घ्या, वाढ मागोमाग येते. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

पंचवीस तारखेला खात्यात पगारापुरते पैसे नसतात, तेव्हा ते खात्यातच नसतात, डोक्यात नव्हे. कच्चा माल आज रोखीनं घ्यायचा, गिऱ्हाईक पैसे देणार नव्वद दिवसांनी. ऑर्डरी दुप्पट झाल्या की अडकलेली रक्कमही दुप्पट. नफ्यात असलेले धंदे असेच बसतात. आणि भरपूर मानून चालणाऱ्यांचं काय होतं? वेबव्हॅन ही अमेरिकन कंपनी आठवा. घरपोच किराणा १९९९ मध्ये सुरू केला, गिऱ्हाईक जमायच्या आत गोदामांसाठी अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं, २००१ मध्ये दिवाळं.

तिरपी_ओळ
वेबव्हॅन ही उधळपट्टी झाली. लेखातला मुद्दा वेगळा होता, तुम्ही सोयीनं चुकवलात.

माझ्या जुन्या ऑफिसात माउसचं डावं बटण गेलं. नव्यासाठी अर्ज, त्यावर तीन सह्या, तिसरी खुद्द मालकांची. अकरा दिवस मी कीबोर्डवर टॅब दाबत कोटेशनं बनवली. एक कोटेशन उशिरा गेलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. माउस मात्र वाचला हो!

पाटीपेन्सिल
माउस तरी मिळाला. आमच्याकडे संपलेली रिफिल जमा केल्याशिवाय नवी मिळत नसे. भांडारवाला ती उजेडात धरून बघायचा, शाई उरलीय का.

सहीशिक्का
तो भांडारवाला मीच समजा. हसा. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात ऑफिसातली पेनं आणि वह्या दुप्पट कशा संपतात, हे कोणी सांगेल का? नियम मालकानं केला, शिव्या मी खाल्ल्या, पेनं तुमच्या पोरांच्या दप्तरात गेली.

पाटीपेन्सिल
म्हणजे आम्ही चोर? शब्द मागे घ्या.

सहीशिक्का
रिफिल जमा करा, मग घेतो.

जमाखर्च
अहो, धागा रिफिलवर नाहीये!

तिरपी_ओळ
आहे, रिफिलवरच आहे. ज्या मालकाचा अर्धा दिवस रिफिलच्या सह्यांत जातो, तो तुमची नव्वद दिवसांची उधारी साठावर आणायला गिऱ्हाइकाशी कधी बोलणार? टंचाई खरी असेल, पण तिच्यामुळे नजर फक्त हातातून सुटणाऱ्या चिल्लरवर जाते. यंत्राची देखभाल पुढे ढकलायची, चांगला माणूस महाग म्हणून घ्यायचा नाही, आणि त्याचं काम रात्री जागून स्वतःच करायचं.

पोटापुरता
दोघांनाही एक विचारतो. साउथवेस्ट एअरलाइन्सकडे १९७२ मध्ये चार विमानं होती. पैशाची ओढाताण झाली, एक विकावं लागलं. उड्डाणं मात्र चार विमानांइतकीच ठेवली. कशी? उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडायला तयार करायचं. आता ही टंचाईची मानसिकता की भरपूरची?

जमाखर्च
टंचाईच! चौथं विमान असतं तर दहा मिनिटं कोणाला सुचली असती?

तिरपी_ओळ
टंचाईच्या डोक्याच्या माणसानं विमानाबरोबर उड्डाणंही कमी केली असती. वर सामान चढवणाऱ्यांच्या हातमोज्यांना तीन सह्या.

जमाखर्च
तुम्ही कधी स्वतःच्या खिशातून पगार दिलेत का? नसतील, तर हा शहाणपणा फुकटचा आहे.

तिरपी_ओळ
दिलेत. दोन वर्षं. बायकोचे दागिने गहाण ठेवून. पुढचं इथं लिहीत नाही.

जमाखर्च
माफ करा, माहीत नव्हतं.

बरं, एवढं मानतो: पैसे नसणं वेगळं आणि प्रत्येक खर्चाला घाबरणं वेगळं. मागच्या वर्षी हिशेबाला माणूस ठेवायचं टाळलं, तीन बिलं पाठवायचीच राहिली. ती वेळेवर गेली असती तर त्या माणसाचा तीन महिन्यांचा पगार निघाला असता. पण त्या लेखाला टाळ्या मी देणार नाही.

पाटीपेन्सिल
तीन बिलं राहिली? आणि आम्हाला वेबव्हॅन सांगत होतात!

सहीशिक्का
बिलबुकं संपली असतील. जुनी जमा केली होती का?