पौलानंतर कोणाला ‘प्रेषित’ म्हणावं का?

बेरियाकर:
काही स्वतंत्र ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) फलकांवर हल्ली पाळकाच्या (पास्टरच्या) नावाआधी ‘प्रेषित’ लिहिलेलं असतं. येशूने साक्षीसाठी पाठवलेल्यांची ही पदवी पहिल्या पिढीबरोबर संपली, असं माझं ठाम मत आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी यहूदाची जागा भरताना त्यांच्यातल्याच पेत्राने घातलेली अट नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (कृत्ये १:२१-२२) आहे: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून स्वर्गारोहणापर्यंत जो येशूसोबत होता, त्यानेच पुनरुत्थानाचा साक्षी व्हावं. योसेफ बर्सबा आणि मत्थिया ही दोन नावं पुढे आली, प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निवडला गेला. पण पुढे हेरोद राजाने प्रेषित योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं (१२:२), तेव्हा त्याच्या जागी कोणाला नेमल्याचा उल्लेख नाही. यहूदाने विश्वासघात करून पद गमावलं होतं. याकोब मेला तो प्रेषित म्हणूनच. मग वारस कसला?

दमास्कसची वाट:
ही अट सरसकट लावली तर मंडळ्यांना पत्रं लिहिणारा पौलच बाद होतो. तो गालीलात येशूबरोबर फिरला नव्हता. ती अट ‘बारा’ पुरे करण्यासाठी होती. पौल आपला हक्क सांगतो तो दोन गोष्टींवर: पुनरुत्थान झालेल्या प्रभूला पाहिलं (१ करिंथ ९:१) आणि नेमणूक माणसांकडून झालेली नाही (गलती १:१). दोन्ही लागतात. नुसत्या दर्शनाने भागत नाही, कारण पाचशेहून अधिक जणांना दर्शन झालं (१ करिंथ १५:६) आणि ते सगळे काही प्रेषित ठरले नाहीत. शिवाय कृत्येचा लेखक लूक १४:१४ मध्ये पौलाचा सोबती बर्णबा यालाही प्रेषित म्हणतो. बर्णबाला दर्शन झाल्याचा उल्लेख कुठेच नाही. पवित्र आत्म्याच्या सांगण्यावरून अंत्युखियाच्या मंडळीने हात ठेवून त्याला पाठवलं होतं.

बेरियाकर:
बर्णबा मंडळीचा दूत, या अर्थाने चालेल. पण दर्शनाबद्दल पौल स्वतःला ‘सर्वांच्या शेवटी’ ठेवतो (१ करिंथ १५:८). दार तिथेच बंद झालं.

नवा द्राक्षारस:
इफिस ४:११ मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक अशी दानं आहेत आणि सगळे विश्वासाच्या एकत्वाला पोचेपर्यंत ती हवीत, असं पुढे येतं. शेवटची तीन आपण ठेवतो, मग पहिलं कोणत्या वचनाने काढलं? ‘दिदाखे’ या अतिप्राचीन नियमपुस्तिकेतही गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांसाठी नियम आहेत. माणसंच नव्हती, तर नियम कोणासाठी?

वसईकर:
ते नियमही सांगा ना. दिदाखेचा अकरावा अध्याय: प्रेषिताने एक दिवस राहावं, गरज पडली तर दुसरा, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. कायमच्या पदाचं हे वर्णन नव्हे.
आम्हा कॅथलिकांत बिशप हे प्रेषितांचे उत्तराधिकारी, पण स्वतः प्रेषित नव्हेत. शिकवण आणि अधिकार पुढे देता येतात, डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष देता येत नाही. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरला ‘पूर्वेचा प्रेषित’ म्हणतात, तसंच बोनिफासला ‘जर्मनांचा प्रेषित’. हा गौरव आहे, पद नव्हे.

फिबी:
मग येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिचं काय? तिला दर्शनही झालं आणि ‘माझ्या भावांकडे जाऊन सांग’ अशी आज्ञाही (योहान २०:१७). ‘दमास्कसची वाट’ यांनी सांगितलेल्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात. २०१६ मध्ये रोमने तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. आणि रोमकरांस १६:७ मधली, प्रेषितांत नामांकित म्हटलेली युनिया?

बेरियाकर:
मरीयेला एक निरोप द्यायचा होता, त्यावरून आयुष्यभराची नेमणूक ठरत नाही. युनिया ‘प्रेषितांना परिचित’ होती, असाही त्या वचनाचा अर्थ काही अभ्यासक लावतात.

फिबी:
चौथ्या शतकातला धर्मगुरू योहान क्रिसोस्तोम स्त्रियांना मंडळीत अधिकार द्यायला अजिबात उत्सुक नव्हता. ग्रीक ही त्याची स्वतःची भाषा. तरी त्याच वचनावर प्रवचन देताना, ही स्त्री प्रेषित म्हणवण्याच्या योग्यतेची ठरली म्हणून त्याने तिची स्तुती केली. वाक्य संदिग्ध असतं, तर सोयीचा अर्थ घ्यायला त्याला कोणी अडवलं होतं?