शब्दचर्चा: ‘स्फटिकन वाढते’ म्हणजे नेमकं काय वाढतं?

काना_मात्रा: पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या संमिश्रांवरच्या (म्हणजे त्यात पूड किंवा तंतू मिसळून केलेल्या मालावरच्या) मजकुरात ‘टाल्क हे न्यूक्लिएटिंग फिलर असून त्याने स्फटिकन वाढते’ असं वाक्य आहे. (टाल्क म्हणजे एका मऊ खनिजाची पूड, स्फटिकन म्हणजे वितळ थंड होताना स्फटिक बनणं.) फिलरला ‘भरण’ आणि न्यूक्लिएटिंगला ‘केंद्रककारक’ केलं, पण दोन्ही खटकतात.

साचेकार: ‘भरण’ खटकणारच. त्याने पोकळीत गुमान पडून राहिलेला माल डोळ्यांपुढे येतो. टाल्क तसा पडून राहत नाही. वितळ थंड होताना त्याच्या पापुद्र्यासारख्या कणांच्या सपाट पृष्ठावर पॉलिमरच्या साखळ्या रांगेत बसतात आणि स्फटिक तिथूनच सुरू होतो. मिनिटाला १०° से. दराने थंड केलं तर नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचं स्फटिकन-शिखर (स्फटिकन सर्वांत जोरात होतं ते तापमान) साधारण ११०–११५° से.ला येतं, टाल्क असेल तर सहसा १२०°च्या आसपास किंवा वर. कॅल्शियम कार्बोनेट याबाबतीत दुबळं, स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेलं तर आणखीच. काचतंतू मजबुती देतात, बीज सहसा फारसं घालत नाहीत. तेव्हा ‘फिलर’ राहू द्या आणि पुढे ‘बीजकारक’ लावा. ‘केंद्रक’ म्हटलं की वाचक थेट अणुभट्टीत पोचतो!

अनुस्वार: ‘बीजकारक’ मान्य. पण खरा घोळ ‘वाढते’मध्ये आहे. स्फटिकन-तापमान, स्फटिकन-वेग आणि स्फटिकता (पॉलिमरचा किती भाग स्फटिकी झाला ते) या तीन वेगळ्या गोष्टी. टाल्कने पहिल्या दोन नक्की वाढतात. तिसरी कित्येकदा जवळपास तिथेच राहते. गोलक (स्फटिकांचे गोल पुंजके) संख्येने वाढतात, आकाराने बारीक होतात, इतकंच.

त्यात डीएससीचा (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा चुकीचा वाचला की गोंधळ वाढतो. समजा ३०% काचतंतूंच्या नमुन्याची वितळण-उष्णता ७० जूल प्रतिग्रॅम आली. पूर्ण स्फटिकी पॉलिप्रॉपिलीनसाठी २०७ धरून सरळ भागलं तर ३४% येतात आणि ‘तंतूंनी स्फटिकता घटवली’ असा निष्कर्ष निघतो. पण काच वितळतच नाही. नमुन्यात पॉलिमर ७०%च आहे, म्हणून भाजक ०.७ × २०७ हवा, म्हणजे उत्तर ४८%. ते ०.७ही पिशवीवरचं घेऊ नका, नमुना जाळून राखेवरून काढा. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर भट्टी ५५०° से.च्या वर नको, नाहीतर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि फिलर कमी दिसतो.

काना_मात्रा: आणि ‘ट्रान्सक्रिस्टलाइन’ला ‘पारस्फटिकी’?

साचेकार: नको, आरपार काहीच जात नाही. तंतूच्या पृष्ठावर बीजं इतकी दाटीने पडतात की स्फटिकांना आजूबाजूला जागाच उरत नाही. मग ते तंतूपासून फक्त बाहेरच्या दिशेने वाढतात. पातळ फिल्म २००° से.ला पाच मिनिटं वितळवून १३०–१३५°वर स्थिर ठेवली, तर ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात तंतूभोवती ब्रशच्या केसांसारखी झालर दिसते. ‘तंतुलग्न स्फटिकझालर’ म्हणा, चित्र उभं राहतं.

अनुस्वार: झालर छान, पण ती दिसली म्हणून तंतू बीजकारक ठरत नाही. त्या तापमानाला तंतू नुसता ओढला तरी कातरणाने (वितळीचे थर एकमेकांवरून सरकल्याने) साखळ्या ताणल्या जातात आणि झालर उगवते, तीही बऱ्याचदा बीटा रूपाची (पॉलिप्रॉपिलीनच्या स्फटिकाचा एक वेगळा प्रकार). म्हणून तंतू न हलवता केलेली चाचणी शेजारी हवीच, आणि मजकुरात ‘कातरणजन्य’ हा शब्द वेगळा ठेवा.

काना_मात्रा: मग वाक्य असं: ‘टाल्क हे बीजकारक फिलर असून त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनचे स्फटिकन अधिक तापमानाला आणि अधिक वेगाने होते.’

साचेकार: चालेल. स्फटिकतेबद्दल आकडा असेल तरच पुढचं वाक्य लिहा.