1962 ची विमानं, पार्ट कुठून आणतात हे लोक?

चिंच_गूळ: मंडळी, बाबांच्या जुन्या स्कूटरच्या एका केबलसाठी काल जुन्या बाजारात दोन तास पायपीट केली आणि रात्री वाचतो तर काय, अमेरिकेचं बी-52 बॉम्बर, शेवटचं 1962 ला बनलं, ते म्हणे 2050 पर्यंत उडवणार. यांना पार्ट मिळतात कुठे?

वाळवंटी_काका: त्यांचाही जुना बाजारच आहे रे, फक्त ॲरिझोनात, टूसॉनला. डेव्हिस-मंथन तळावर हजारो विमानं उन्हात उभी, हवा कोरडी म्हणून गंज धरत नाही, जमीन एवढी टणक की काँक्रीटही घालावं लागत नाही. लागेल तो पार्ट काढून आणायचा. 2008 पासून तिथं पडलेलं 'घोस्ट रायडर' नावाचं बी-52 तर 2015 ला अख्खंच उडवत बाहेर काढलं, कारण ताफ्यातलं एक आगीत खराब झालेलं. आता ताफ्यात 76 उरलीत, सगळी एच मॉडेल. जी मॉडेल होती ती बहुतेक रशियाबरोबरच्या करारापायी कापून टाकली, हळहळ वाटते.

नटबोल्ट: भंगारातून किती दिवस काढणार काका, खरं दुखणं इंजिनाचं. त्यातलं टीएफ33 बनायचं 1985 लाच बंद झालं. म्हणून 2021 ला रोल्स-रॉइसचं एफ130 निवडलं, बिझनेस जेटला लावतात त्याचंच भावंड, म्हणजे स्पेअरची चिंता मिटली. 76 विमानं गुणिले 8, झाली 608 इंजिनं, राखीव वेगळी. रडारही नवा येतोय, मग नाव बी-52जे.

चिंच_गूळ: पण आठच कशाला? आताची इंजिनं एवढी दांडगी, चारात भागेल की

नटबोल्ट: विचार झालेला. पण मोठं इंजिन त्या पंखाखाली जमिनीला टेकायला येतं, आणि बाहेरच्या टोकाचं एक बंद पडलं की विमान एका बाजूला ओढतं, ते सावरायला शेपटीचा रडर, म्हणजे दिशा वळवणारी फळी, पुरत नाही, बारीकशी पट्टी आहे ती. मग रडर बदला, पंख बदला... त्यापेक्षा आठाला आठ लावलेली परवडली.

ओझरकर: आपल्या हवाई दलाच्या जॅग्वार लढाऊ विमानांचंही तेच. फ्रान्स, ब्रिटन, ओमान सगळ्यांनी कधीच रिटायर केली, आपण एकटेच उडवतोय, त्यांची जुनी पार्टसाठी आणून. नवीन इंजिनाचा प्लॅन मात्र खर्च बघून 2019 ला गुंडाळला.

वाळवंटी_काका: ते राहू दे, केबल मिळाली का?

चिंच_गूळ: नाही ना. दुसऱ्याच गाडीची बसवलीय, वीतभर लांब आहे, गुंडाळून टेप मारलीय.