मदत हवी आहे : टोकियोच्या जपान विमेन्स युनिव्हर्सिटीला आज तिकडे किती मान आहे?

नमस्कार. टोकियोत शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या मंडळींकडून माहिती हवी आहे.

लेकीला अन्नशास्त्रात पुढे शिकायचंय. जपानी भाषेची एन-थ्री पातळीची परीक्षा झाली, त्यापुढच्या एन-टूची तयारी चालू आहे. मी टोकियोच्या मेजिरो भागातली जपान विमेन्स युनिव्हर्सिटी सुचवली तर म्हणाली, "आई, इतकी वर्षं सगळ्यांबरोबर शिकले, आता परत मुलींच्या शाळेत?"

माझा जीव तिथे अडकलाय, कारण माझी आजी हिंगण्याला, महर्षी अण्णा कर्व्यांच्या संस्थेत शिकली. बनारसहून शिवप्रसाद गुप्तांनी अण्णा कर्व्यांना या विद्यापीठाची माहितीपुस्तिका पाठवली होती. अण्णांनी ती चाळून ठेवून दिली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, तेव्हा भाषणासाठी तीच पुस्तिका पुन्हा बाहेर निघाली आणि पुढच्याच वर्षी आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एसएनडीटी. आजी हे सांगायची तेव्हा पाकीट फोडल्यासारखे हात करायची.

मेजिरोची स्थापना १९०१ ची, जिन्झो नारुसे यांची. गृहविज्ञान, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य हे सुरुवातीचे विभाग. मुलीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून, मग नागरिक म्हणून शिकवायचं, हा त्यांचा क्रम. त्या काळात 'माणूस' पहिला ठेवणं मला फार मोठं वाटतं. नावात पहिल्यापासून विद्यापीठ, पण सरकारदरबारी तो दर्जा मिळायला १९४८ उजाडलं. तोवर इथून शिकलेल्या मुली थांबल्या नव्हत्या. गृहविज्ञान विभागातून १९०६ साली बाहेर पडलेल्या हिरात्सुका राइचो यांनी १९११ मध्ये 'सेइतो' हे स्त्रियांचं मासिक काढलं. 'इनुयाशा' ही जपानी चित्रकथा काढणाऱ्या रुमिको ताकाहाशीही तिथल्याच. हे ऐकल्यावर मात्र लेकीने यादीत नाव लिहिलं, पेन्सिलीने.

आता खरा प्रश्न. हा सगळा इतिहास झाला. तिथल्या खाद्यपदार्थ कंपन्यांत, प्रयोगशाळांत मुलाखतीला गेल्यावर हे नाव ऐकून समोरचा काय म्हणतो? वासेदा, केओ या नामांकित विद्यापीठांच्या मुलामुलींपुढे या मुली मागे पडतात का? जपानमध्ये जन्मदर घटल्याने महिला विद्यापीठांना विद्यार्थिनी कमी पडतायत असं वाचते, त्याची झळ इथे कितपत बसली आहे? अन्नशास्त्राच्या प्रयोगशाळेत परदेशी मुलीला कुणी हाताशी धरून शिकवतं का, की भाषा पक्की होईपर्यंत ती बाजूलाच राहते?

आपल्याकडची कुणी मुलगी तिथे शिकली असेल तर तिचा अनुभव जरूर लिहा. आवारात नारुसे स्मारक सभागृह आहे. तिथे कर्व्यांचा काही उल्लेख कुणी पाहिला आहे का?

यादी महिनाअखेरीस पक्की करायची आहे. मत प्रतिकूल असलं तरी सांगा. आजीच्या ओढीपायी लेकीला चुकीच्या ठिकाणी पाठवायचं नाहीये मला.