शब्दचर्चा : दिलेलं काढून घ्यायचं, पण कोणत्या क्रियापदाने?

प्रश्न : एका करारनाम्याचं भाषांतर करतेय. त्यात 'रिव्होक', म्हणजे दिलेलं परत घेणं, हे इंग्रजी क्रियापद सात ठिकाणी आहे. सगळीकडे 'रद्द करणे' लिहून मोकळी झाले, आता वाचताना अडखळायला होतं. 'परवाना रद्द केला' ठीक. पण 'संमती रद्द केली', 'अधिकार रद्द केला'?

उत्तर : अडखळणारच. रद्द होतो तो कागद, म्हणजे परवाना, तिकीट, नोंदणी. संमती माणसाची असते, ती तो मागे घेतो. अधिकार दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो, म्हणून तो काढून घेतात. राजीनामा, तक्रार, संप हे सगळं मागेच घेतलं जातं. 'संप रद्द केला' म्हटलं तर तो सुरूच झाला नाही असं वाटतं.

अजून एक बारकावा. सरकार आपला आदेश मागे घेतं, न्यायालय तोच आदेश रद्द करतं. ज्याने दिलं त्यालाच 'मागे' शोभतं. आता फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारं फर्मान काढलं, ते नातवाने, चौदाव्या लुईने, १६८५ मध्ये मोडीत काढलं. गादी तीच, माणूस वेगळा. मी तिथे 'रद्द केलं' लिहीन; आजोबांचा शब्द नातू मागे कसा घेणार?

'रद्दबातल' मात्र जपून. त्यात मुळातच पोकळ असल्याचा वास येतो. 'रिव्होक'मध्ये तसं नाही, कालपर्यंतचं सगळं खरंच असतं. कुलमुखत्यारपत्र घ्या, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, मुखत्याराला, देणारा कागद. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०८ प्रमाणे मुखत्याराचे अधिकार काढून घेतले, तरी ते त्याला कळेपर्यंत त्याच्यापुरते संपत नाहीत. आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरतेही नाहीत.

आणखी एक : पुराणात 'मागे घेणे' हे क्रियापदच नाही बहुधा! भस्मासुराला दिलेला वर शंकराला काढून घेता येत नाही, विष्णूला मोहिनी होऊन त्याचा हात त्याच्याच डोक्यावर ठेववावा लागतो. शापाचंही तेच. मिळतो तो उःशाप, म्हणजे सुटकेची वाट. मूळ शाप जागच्या जागी. 'उःशाप' म्हणजे शाप मागे घेणं असं हल्ली सर्रास लिहितात, ते चूक.

प्रश्नकर्ती : छान, सहा जागा सुटल्या. सातवी 'इर्रिव्होकेबल' परवानगीची आहे. 'अपरिवर्तनीय' चालेल?

उत्तर : नको. ते न बदलणारं झालं. इथे बदलाचा नाही, परत घेण्याचा प्रश्न आहे. विशेषणाच्या नादी न लागता सरळ वाक्य करा : 'एकदा दिलेली परवानगी मागे घेता येणार नाही.' कराराला चार शब्द जास्त लागले तर लागू देत.